मदत हवी आहे: लुआमध्ये स्वतःचं मॅथ फंक्शन
नमस्कार मंडळी, निफाडला द्राक्षबागेसाठी ईएसपी३२ (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) वर कंट्रोलर बनवतोय, त्यात लुआ ५.३ (छोटी स्क्रिप्टिंग भाषा) एम्बेड केलंय म्हणजे फर्मवेअर न बदलता स्क्रिप्ट बदलता येते. दवबिंदूचं फंक्शन (मॅग्नस सूत्र, १७.६२ आणि २४३.१२ वालं) सी मध्ये लिहून लुआ_रजिस्टरने जोडलं, चालतंय मस्त, पण सेन्सरकडून निल (म्हणजे रिकामी किंमत) आलं की लुआएल_चेकनंबर (आलेली किंमत आकडा आहे का ते तपासणारं) एरर फेकतं आणि पीकॉल (एरर पकडून प्रोग्राम चालू ठेवणारं फंक्शन) नसल्याने पॅनिक होऊन बोर्डच रीस्टार्ट होतो, ऑक्टोबर छाटणीनंतर डाउनी (केवडा) रोगाच्या दिवसांत हे परवडणारं नाही. तर निल आल्यावर फंक्शननेच निल परत द्यावं का अख्खी स्क्रिप्ट पीकॉलमध्ये टाकावी? आणि फंक्शन लुआच्या मॅथ टेबलमध्येच (तयार गणिती फंक्शन्स असतात तिथे) घालावं का वेगळी लायब्ररी करावी? मला वेगळी बरी वाटते. कोणी केलं असेल तर प्लीज सांगा.