साउंड कार्ड गेलं की डबा भंगारात? (जरा लांबलंय)

अडगळराव
काल जुन्या काँप्युटरच्या धाग्यावर कुणीतरी लिहून गेलं, "साउंड कार्ड बंद पडलं? डोकं लावू नका. दोनशेचा आवाजाचा यूएसबी तुकडा घ्या, नाहीतर डबा भंगारात द्या." खाली सतरा जणांचं +१. सतरा! तिथे लिहिलं असतं तर वाहून गेलं असतं, म्हणून वेगळा धागा.

माझा डबा २००४ चा. पेंटियम ४, विंडोज एक्सपी, पीसीआय स्लॉटमध्ये (कार्डं खोचायची जुनी खाच) साउंड ब्लास्टर लाइव्ह हे साउंड कार्ड. नेटला जोडलेला नाही, तेव्हा एक्सपीचा सपोर्ट २०१४ लाच संपला हे ज्ञान कृपया पाजळू नये. त्याला काम एकच, आप्पांच्या कॅसेटी उतरवून घेणे. देवळातल्या सप्ताहाची कीर्तनं, एकूण ६३ कॅसेटी, पैकी ४१ झाल्या होत्या. आषाढात एका सकाळी आवाज गायब.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये बिघाडाचं पिवळं चिन्ह नाही. ड्रायव्हर ठणठणीत. स्पीकर मोबाइलला लावला की वाजतोय. चौकातल्या दुकानदाराने झाकणही न उघडता सांगितलं, "फॉरमॅट मारावा लागेल, आठशे." या लोकांकडे पोट दुखतंय म्हणून गेलात तरी फॉरमॅटच मारतील.

आठव्या दिवशी नजर कोपऱ्यातल्या घड्याळावर गेली. १ जानेवारी २००३! मदरबोर्डवरचा सेल, तो रुपयाएवढा सीआर२०३२, संपला होता. बायोस (डबा सुरू होताना आधी चालतो तो प्रोग्राम) मूळ सेटिंगवर गेला, मी कधीकाळी बंद करून ठेवलेला ऑनबोर्ड साउंड, म्हणजे मदरबोर्डवरचाच, परत चालू झाला आणि एक्सपीने त्यालाच डीफॉल्ट केलं. म्हणजे आवाज येत होता, पण मागच्या दुसऱ्याच हिरव्या भोकातून. कार्ड बिचारं शाबूत. चाळीस रुपयांचा सेल घातला, बायोसात ऑनबोर्ड ऑडिओ डिसेबल केला, बुवा पुन्हा बोलू लागले.

आता म्हणा भंगार.

सडेतोड
ते वाक्य माझंच. आणि तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध केलात, त्याबद्दल आभार. चाळीस रुपयांच्या सेलसाठी आठ दिवस! दोनशेचा तुकडा पाच मिनिटांत वाजला असता. रिटायर्ड माणसांच्या तासाला भाव नसतो, आमच्या असतो.

अडगळराव
तुमच्या तुकड्याला भोकं दोन. एक हेडफोनचं, एक माइकचं, आणि माइकचं मोनो. टेप डेकमधून येणारा सिग्नल पाव-अर्ध्या व्होल्टाचा, माइकच्या भोकाला सवय काही मिलिव्होल्टांची. बुवा फाटक्या भोंग्यातून ओरडल्यासारखे येतात. करून बघितलंय, मग बोलतोय. मला लाइन-इन लागतं, टेपचा सिग्नल घेणारं भोक, स्टीरिओ. ते निळं भोक. ते कार्डावर आहे.

सडेतोड
स्टीरिओ कशाला? बुवा एकच होते ना?

अडगळराव
टाळ डावीकडे, मृदंग उजवीकडे. आप्पांनी दोन माइक लावले होते. ज्याने कधी ऐकलंच नाही त्याला काय सांगायचं.

मुंगळा
सेल वगैरे ठीक, पण पहिली पायरी चुकली. कार्ड काढा, सोनेरी दाते खोडरबरने घासा, परत घट्ट बसवा. निम्मी मेलेली कार्डं यानेच उठतात. मी देवरुखात दुकान चालवलंय, पावसाळ्यात रोज दोन तरी यायची.

तांबट
हा खोडरबराचा रोग कधी जाणार? पीसीबीच्या (सर्किट बोर्डांच्या) कारखान्यात प्लेटिंग लाइनवर अठरा वर्षं काढली आहेत मी. त्या दात्यांवर सोन्याचा थर एक मायक्रॉनच्याही आत असतो. खाली निकेल, त्याखाली तांबं. शाईचा खोडरबर म्हणजे बारीक सँडपेपर. घासलात की आज चालतं, कारण ताजा धातू उघडा पडतो. दोन पावसाळ्यांत पुन्हा काळं, पुन्हा घासा. शेवटी सोनं उरतच नाही. आणि भुगा स्लॉटमध्ये पडतो तो वेगळाच.

मुंगळा
सोनं गंजत नाही हे आमच्या आजीलाही माहीत होतं. मग काळं काय येतं हो, काजळी?

तांबट
थराला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. खालचं तांबं त्यातून वर डोकं काढतं. खारी हवा असेल तर लवकरच. कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या आणि हलक्या हाताने पुसा. एवढंच.

मुंगळा
आयसोप्रोपिल आमच्याकडे वाण्याकडे मिळत नाही साहेब. खोडरबर मिळतो. पाच रुपयांत.

पेंग्विनप्रेमी
मूळ प्रश्न एक्सपीचा आहे, हे कुणी बोलतच नाही. त्याच्या जागी लिनक्स टाका. आवाज नसेल तर त्यातला अल्सामिक्सर (आवाज कमीजास्त करायचा प्रोग्राम) उघडा, चॅनलखाली एमएम दिसलं तर एम दाबा, म्यूट निघतं. बहुतेक वेळा एवढंच असतं. नाहीतर डीफॉल्ट एचडीएमआयवर, म्हणजे मॉनिटरच्या केबलवर, गेलेलं असतं.

अडगळराव
म्हणजे आवाज भलत्या भोकातून जातोय, हेच ना? मी वर दुसरं काय लिहिलंय? आणि माझा पेंटियम ३२-बिट आहे. तुमच्या लाडक्या डेबियन लिनक्सनेच २०२५ च्या १३ व्या आवृत्तीत ३२-बिटचा इन्स्टॉलर बंद केला.

पेंग्विनप्रेमी
१२ टाका की मग. पण ज्याला शिकायचंच नाही त्याला...

जुना खोड
अरे पोरांनो, तुम्हाला सगळं आयतं मिळालं. आमच्या वेळी कार्डावर जंपर (इवलीशी क्लिप) बसवून आयआरक्यू, म्हणजे कार्डाने प्रोसेसरला हाक मारायचा नंबर, ठरवायचा. लोक संध्याकाळी शुभंकरोति म्हणायचे, आम्ही कार्डाचे नंबर सांगणारी ओळ, 'सेट ब्लास्टर, ए२२०, आय५, डी१'. आयआरक्यू ५ वर दुसरं काही बसलं की एकच सूर अडकून राहायचा, गाय हंबरल्यासारखा.
अवांतर: खोडरबर नटराजचा की अप्सराचा?

मुंगळा
नटराज. पांढरा.

तांबट
पांढरा?? मग मघापासून बोलत का नाही! मी शाईच्या, त्या लाल-निळ्याबद्दल बोलतोय.

मुंगळा
तुम्ही विचारलंत कुठे? थेट कारखाना काढलात.

तांबट
पांढरा मऊ असेल आणि कार्ड बाहेर काढून, स्लॉटपासून लांब, दोनदाच फिरवणार असाल तर चालवून घेतो. नाइलाजाने. पण 'घासा' लिहू नका, लोक खरंच घासतात.

मुंगळा
घासा.

शेवंती
इतके प्रतिसाद खोडरबरावर! मी आमचं सांगते. २०११ मध्ये आवाज बंद झाला म्हणून ह्यांनी डबा भंगारवाल्याला दिला. तीनशे रुपये आले. आत सासूबाईंनी म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या, मीच टेपवरून घेतलेल्या, आणि टेप नंतर बुरशीने गेली. हार्ड डिस्क काढायची राहिली. ह्यांना अजून ते तीनशे आठवतात, मला ओव्या. "भंगारात द्या" लिहायला पाच सेकंद लागतात.

सडेतोड
वाईट वाटलं. पण हा बॅकअपचा विषय आहे, साउंड कार्डाचा नाही. भावनेच्या भरात दोन्हीची खिचडी नको.

शेवंती
तुमच्याकडून एवढीच अपेक्षा होती.

जुना खोड
सडेतोड, गप्प बसता येत असेल तर बसा. बाई काय सांगतायत आणि तुम्ही काय शिकवताय.

सडेतोड
बरं, चुकलं. शेवंतीताई, माफ करा. आणि आता हसायचं तर हसून घ्या. रविवारी बाबांची एक कॅसेट सापडली, लग्नातली सनई आणि मागे सगळ्यांच्या गप्पा. त्या दोनशेच्या तुकड्यातून घेतली. वॉकमनचा आवाज किती कमी केला तरी सनई चिरकतेय. मोनोच आली. लाइन-इनपुरता मुद्दा मान्य. बाकी शब्द न् शब्द कायम. कुणाकडे जादा कार्ड पडलंय का?

अडगळराव
आहे. पण लावणार कशात? पीसीआय स्लॉटवाला डबा आहे का तुमच्याकडे?

सडेतोड
होता. दिवाळीच्या साफसफाईत दिला.

अडगळराव
भंगारात ना?

सडेतोड
हो. तुम्हाला ते लिहायला लावायचंच होतं, लावलंत. कॅसेट घेऊन मीच येतो, पत्ता खासगीत कळवा.

अडगळराव
कळवतो. शनिवारी या, आप्पांची बेचाळिसावी लावणारच आहे. पण आधी डेकचं हेड पुसावं लागेल.

मुंगळा
येताना नटराज घेऊन या.

तांबट
हेडला खोडरबर लावलात तर मी स्वतः तिकडे येईन.