तीनशे रुपयांची कॉफी आणि ‘मूर्खपणा’ हा शब्द

खिडकीजवळची (पुणे)

घरी पंधरा रुपयांत होणाऱ्या कॉफीसाठी बाहेर तीनशे रुपये मोजणे हा शुद्ध मूर्खपणा आहे आणि या पिढीला पैशाची किंमत कळत नाही, असे काल ‘निवृत्त बँकवाले’ काकांनी येथे लिहिले. उत्तर द्यायचे नाही असे ठरवले होते, पण तो शब्द रात्रभर डोक्यातून गेला नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी सीएच्या अंतिम परीक्षेचा अभ्यास करते आणि कर्वेनगरला एका खोलीत आम्ही तिघी राहतो. एकीची रात्रपाळी असते, त्यामुळे दिवसा दिवासुद्धा लावता येत नाही. अमृततुल्यात उभ्याने चहा घेता येतो, पण एकट्या मुलीने तिथे पुस्तक उघडले की पाचव्या मिनिटाला नजरा सुरू होतात. आठवड्यातून दोनदा मी ज्या कॉफी शॉपमध्ये बसते, तिथल्या खिडकीजवळच्या टेबलाचा एक पाय डुगडुगतो. त्याखाली मी बिलाची घडी घालते आणि चार तास लिहीत बसते. मला आजवर कोणी उठवलेले नाही.

आता हिशेब. दोन शॉटच्या (कॉफीच्या दाट अर्काच्या दोन मापांच्या) कॅपुचिनोला साधारण 18 ग्रॅम बिया लागतात. चांगल्या भाजलेल्या बिया पाव किलोला पाचशे रुपये धरल्या, तर छत्तीस रुपये झाले आणि दुधाचे दहा-बारा. उरलेले पैसे भाडे, पगार, वीज आणि यंत्राचे असतात. शिवाय बिलावर 5 टक्के जीएसटी आकारणाऱ्या अशा दुकानाला, जागेच्या भाड्यावर भरलेल्या 18 टक्के कराचे क्रेडिट, म्हणजे वजावट, मिळत नाही, म्हणून तो करही किमतीतच मुरतो. मी पैसे देते ते खुर्चीचे, आणि ते मला महाग वाटत नाहीत.

निवृत्त बँकवाले (सदाशिव पेठ)

ताई, तुमची अडचण खरी आहे आणि तिच्याबद्दल मी काही बोललो नव्हतो. पण खुर्चीचे पैसे कॉफीच्या नावाखाली का घ्यावेत? सरकारच्या कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाउसे बंद करायला घेतली, तेव्हा 1957 पासून कामगारांनी सहकारी संस्था काढून ती चालवली. तिथे एका कपावर माणसे तासन्‌तास बसत आणि बिल सामान्य माणसाला झेपत असे, त्यामुळे स्वस्तात बसायला जागा देताच येत नाही, हे मला पटत नाही.

मागच्या दिवाळीत मी घरच्या सहा जणांना एका मॉलमधील कॉफी शॉपमध्ये नेले. बिलात न विचारता सेवा शुल्क लावलेले होते. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्येच असे शुल्क आपोआप लावू नये असे सांगितले आहे आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही तेच ग्राह्य धरले, हे मी व्यवस्थापकाला समजावले. ते काढून घ्यायला पंचवीस मिनिटे लागली आणि नातवंडांसमोर मी भांडखोर ठरलो. त्यापेक्षा घरची जायफळ घातलेली कॉफी शंभर पटीने चांगली.

भट्टीवाला (बंगळुरू)

सेवा शुल्काबद्दल काका बरोबर आहेत. परंतु जायफळ घालून आटवलेल्या दुधाला कॉफी म्हणू नये. आपल्याकडे कॉफी आणि चिकोरी (एका मुळाची भाजलेली पूड) यांच्या मिश्रणात निम्म्याहून थोडी अधिक, म्हणजे किमान 51 टक्के कॉफी असली तरी चालते. असे पाकीट वापरायचे, त्यात साखर आणि जायफळ ढकलायचे आणि मग तीनशे रुपयांच्या कॉफीशी तुलना करायची, हे अन्यायाचे आहे. मी बिया भाजण्याचे काम करतो. फेब्रुवारी 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात अरेबिका जातीची कॉफी पौंडाला चार डॉलरच्या वर गेली, तेव्हा आमच्या मालकांनी दोन महिने झोप घेतली नव्हती. बी चांगले असेल तर त्यात काहीही घालावे लागत नाही.

वऱ्हाडकर (अमरावती)

भट्टीवाले, ‘ढकलायचे’ हा शब्द आधी मागे घ्या. माझी आई एकादशीला सहाणेवर जायफळाचे चार वेढे उगाळायची, ते बोटाने निपटून उकळत्या दुधात सोडायची, आणि पितळी कपावर साय धरेपर्यंत आम्हाला हात लावू द्यायची नाही. चहा उपवासाला चालत नसे, कॉफी चालत असे, म्हणून आमच्या घरात कॉफी हा सणाचा पदार्थ होता. चिखलदऱ्याला कॉफी पिकते, आणि तिथल्या बियांचीही आईने अशीच कॉफी केली आहे. ती कॉफी नव्हती, हे मला बंगळुरूहून कोणी सांगू नये.

गुहागरचा बागायतदार

जायफळाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. नारळ-पोफळीच्या सावलीत माझी जायफळाची झाडे आहेत. रोपापासून लावलेले झाड नर की मादी हे कळायलाच सहा-सात वर्षे जातात, आणि नर निघाले की तेवढी वर्षे फुकट. आता कलमे लावतो. तरीही आमच्या फळाचा दर व्यापारी ठरवतो, आणि शहरातल्या एका कपाची किंमत ऐकून मला राग येतो तो कॉफी पिणाऱ्याचा नव्हे, तर पिकवणाऱ्याच्या वाट्याला किती येते याचा.

भट्टीवाला (बंगळुरू)

वऱ्हाडकर, ‘ढकलायचे’ हा शब्द मागे घेतो. आईंबद्दल बोलण्याचा हेतू नव्हता. जायफळाने कॉफीची चव झाकली जाते, हे मत मात्र कायम आहे. बागायतदारांचे म्हणणे कॉफीच्या मळेवाल्यांनाही लागू आहे. कपाची किंमत वाढते ती बहुतांशी शहरात.

निवृत्त बँकवाले (सदाशिव पेठ)

जायफळावरून एवढे होईल असे वाटले नव्हते. मूळ मुद्द्यावर येतो. ताई, ‘मूर्खपणा’ हा शब्द तुमच्यासारख्यांसाठी चुकीचा होता, तो मागे घेतो. पण मी दहा मिनिटांत कॉफी पिऊन उठतो. मग तुमच्या चार तासांचे भाडे माझ्या कपात का? इटलीत काउंटरशी उभ्याने प्यायलेली कॉफी टेबलावरच्या कॉफीपेक्षा स्वस्त असते. आपल्याकडे तसे दोन दर का लावत नाहीत?

खिडकीजवळची (पुणे)

काका, ही मागणी रास्त आहे आणि याचा मी विचार केला नव्हता. उभ्याचा दर कमी करावा आणि खुर्चीचा दर तासावर उघडपणे लिहावा, म्हणजे तुमच्या कपात माझे भाडे येणार नाही. मी तो दर देईन. आमच्या खोलीत येत्या रविवारी चौथी मुलगी राहायला येते आहे.