नोंदवही आधी की स्कॅनर आधी?

पानखूण:

नमस्कार मंडळी. एका छोट्या सार्वजनिक ग्रंथालयात मी २२ वर्षं देवघेव सांभाळते आहे. पुस्तकं साडेअकरा हजार. दाखल नोंदवह्या (ग्रंथालयाने घेतलेल्या प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक देऊन जिथे नोंदवतात त्या वह्या) सात, त्यातल्या पहिल्या दोन माझ्या आधीच्या ग्रंथपालांच्या अक्षरातल्या. तालिकापत्रं, म्हणजे प्रत्येक पुस्तकाच्या माहितीची कार्डं, अजून लाकडी खणांत आहेत.

नव्या कार्यकारिणीने वर्षभरात सगळं ऑनलाइन करायचं ठरवलंय. स्कॅनर आलासुद्धा. एकजण म्हणतात, जुनी पुस्तकं स्कॅन करून संकेतस्थळावर टाकू. दुसऱ्यांचं म्हणणं, छापील पुस्तकं घेणं कमी करून ई-पुस्तकांची वर्गणी भरू आणि खणांच्या जागी संगणक ठेवू.

माझा विरोध नाही. गेल्या महिन्यात एक मुलगी पुस्तक मागायला आली. पुस्तक आमच्याकडे होतं, पण त्याचं पत्र भलत्याच खणात गेलेलं, त्यामुळे मी "नाही" म्हणाले. तीन दिवसांनी ते कपाटात दिसलं. ती मुलगी पुन्हा आली नाही. मला हे फार लागलंय. बदल हवाच आहे, पण काम करायला मी आणि एक अर्धवेळ मदतनीस. सुरुवात कुठून करू? आणि ई-पुस्तक घेतलं तर त्याला दाखल क्रमांक द्यायचा का?

शिवणबांधणी:

ताई, स्कॅनरवर सध्या कापड घालून ठेवा. त्या मुलीला स्कॅन केलेलं पुस्तक नको होतं, तुमच्या कपाटात काय आहे ते कळायला हवं होतं. आधी तालिका, म्हणजे पुस्तकांची शोधता येणारी यादी.

हे काम मी दोनदा केलंय. पहिल्या वेळी आम्ही चार हजार नोंदी एका जुन्या फॉन्टमध्ये टंकल्या. पडद्यावर देवनागरी दिसायची, पण आतली अक्षरं युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांना सारखीच कळणारी, नव्हती. तो संगणक गेला, फॉन्ट गेला, आणि उरली नुसती अनाकलनीय चिन्हं. सगळं पुन्हा टंकावं लागलं. त्यामुळे पहिली अट युनिकोडची. तिथेही एक खोच आहे: "ऱ्या" दोन पद्धतींनी टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण शोधताना संगणक त्यांना वेगळे मानू शकतो. तुम्ही आणि मदतनीस, दोघांनी एकाच पद्धतीचा कीबोर्ड वापरा.

दुसऱ्या वेळी कोहा हे ग्रंथालयाच्या नोंदी आणि देवघेव सांभाळणारं सॉफ्टवेअर घेतलं. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ भागातल्या ग्रंथालयांनी स्वतःच्या गरजेसाठी ते बनवून घेतलं, जानेवारी २००० मध्ये ते सुरू झालं आणि सगळ्यांसाठी खुलं ठेवलं गेलं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. दुसरी कुठली प्रणाली घेतलीत तरी चालेल, पण विक्रेत्याला पहिल्याच भेटीत विचारा: उद्या तुम्हाला सोडलं तर माझ्या सगळ्या नोंदी मार्क या ठरलेल्या स्वरूपात बाहेर काढून मिळतील का? हे मार्क १९६० च्या दशकात हेन्रिएट ॲव्हरम या बाईंनी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी घडवलं. लेखक कुठे, शीर्षक कुठे, आवृत्ती कुठे हे ठरलेल्या क्रमांकांच्या रकान्यांत बसवलेलं असतं, म्हणून नोंद एका प्रणालीतून दुसरीत नेता येते. उत्तर गोलमाल आलं तर तिथूनच परत फिरा.

नोंदी वहीवरून उतरवू नका, पुस्तक हातात घेऊन करा. वहीत विकत घेतलेलं सगळं असतं, कपाटात उरलेलं असतं. आमची ३१२ पुस्तकं वहीत होती, कपाटात नव्हती. आणि लेखकांच्या नावांसाठी पहिल्या दिवसापासून एक यादी ठेवा. आद्याक्षरांसह, आद्याक्षरांविना, टोपणनावाने, आडनाव आधी, असे एकाच लेखकाचे चार लेखक होतात आणि वाचकाला पाव पुस्तकंच दिसतात. आमचा सर्वांत जास्त वेळ या यादीत गेला. त्यातला एकही तास वाया गेला असं मला वाटत नाही.

अर्धाचंद्र:

दाखल क्रमांकाचं मी सांगतो. देऊ नका. ई-पुस्तक बहुतेक वेळा तुमचं होतच नाही, तुम्हाला ठरावीक अटींवर परवाना मिळतो. छापील प्रत एकदा घेतली की शिवण सुटेपर्यंत तुम्ही ती फिरवता, पुन्हा शिवता, पुन्हा फिरवता. ई-पुस्तकाचं तसं नाही. २०११ मध्ये हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने अमेरिकेतल्या ग्रंथालयांसाठी नियम केला की २६ वेळा देवघेव झाली की परवाना संपला, पुन्हा विकत घ्या. काही प्रकाशक दोन वर्षांची मुदत घालतात. कार्यकारिणीपुढे हे स्पष्ट मांडा. वर्गणी जरूर घ्या, घराबाहेर पडता न येणाऱ्या सभासदांना तिचा मोठा आधार होतो. पण छापील खरेदी थांबवून वर्गणी भरलीत, तर वर्गणी बंद पडेल त्या वर्षी तुमच्या कपाटात त्या काळातलं काहीच नसेल.

संकेतस्थळावर टाकायचं तर आधी स्वामित्वहक्क पाहा. मुदत देशागणिक वेगळी: भारतात साधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, युरोपीय संघात ७०. अनुवादकाचा हक्क मूळ लेखकापेक्षा वेगळा मोजतात, हे हमखास विसरलं जातं. "आमच्याकडे प्रत आहे, म्हणून स्कॅन उसना देतो" हा युक्तिवाद इंटरनेट आर्काइव्ह या अमेरिकेतल्या ऑनलाइन ग्रंथसंग्रहाने तिथल्या न्यायालयात करून पाहिला. २०२३ मध्ये निकाल विरुद्ध गेला, २०२४ मध्ये अपिलातही तोच कायम राहिला. मला त्याचं वाईट वाटलं, पण छोट्या ग्रंथालयाने त्या वाटेला जाऊ नये.

स्पर्शवाचक:

एक विनंती. मला दिसत नाही, मी स्क्रीन रीडरने, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने, वाचतो. पानाचा नुसता फोटो माझ्यासाठी कोरं पान असतं. स्कॅन कराल तेव्हा अक्षरओळख करून मजकूरही जोडा. टेसरॅक्ट हे अक्षरओळखीचं सॉफ्टवेअर मुक्त आहे, त्याला देवनागरी येते. जुन्या छपाईत जोडाक्षरं चुकतात, म्हणून कुणीतरी वाचून दुरुस्त करायला हवं. दृष्टिहीनांसाठी सुलभ प्रती करायला २०१३ च्या माराकेश कराराने वाट मोकळी केली आहे, तुमच्या देशाच्या कायद्यात ती सवलत आहे का बघा. दहाच पुस्तकं करा, पण वाचता येतील अशी करा.

शिवणबांधणी:

ताई, एक राहिलं. खण हलवा, पण पत्रं आणि नोंदवह्या रद्दीत देऊ नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबरहल्ला झाला. पुस्तकं जागेवर होती, पण ऑनलाइन तालिका थेट जानेवारी २०२४ मध्ये परतली, तीही सुरुवातीला फक्त पाहण्यापुरती. एवढ्या मोठ्या संस्थेची ही गत. रोजची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या आणि काम झालं की ती डिस्क काढून कपाटात ठेवा. जोडलेली राहिली तर हल्ल्यात तीही जाते. महिन्यातून एकदा त्या प्रतीवरून नोंदी खरंच उघडतात का ते पाहा. आम्ही सहा महिने प्रती घेत होतो, त्या रिकाम्या निघाल्या.

पानखूण:

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी बैठक आहे, परवान्याचा मुद्दा तिथे मांडते. अंध वाचकांचा विचार मी इतकी वर्षं केला नव्हता. स्पर्शवाचक, पहिली दहा पुस्तकं कोणती घ्यावीत ते तुम्ही सुचवाल का? आज मदतनीस आणि मी पहिल्या कपाटाचा वरचा कप्पा केला. ३४ नोंदी झाल्या. ती मुलगी मागत होती ते पुस्तक त्याच कप्प्यात होतं. सभासद वहीत तिचा पत्ता आहे, उद्या तिला चिठ्ठी पाठवते.