वायुगोलाचा समतोल की स्थैर्य?

प्रश्न : स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने धरून ठेवलेल्या वायूच्या गोलावर बारावीच्या मुलांसाठी टिपण लिहितो आहे. 'समतोल' म्हणावं की 'स्थैर्य'? आणि आदर्श नसलेल्या वायूला 'वास्तव वायू' चालेल का?

उत्तर : भाऊ, दोन्ही शब्द लागतील, पण एकाच्या जागी दुसरा नको. जुना तराजू घ्या. पासंग काढून दांडी आडवी आली, हा समतोल. बोट लावून सोडल्यावर ती परत आडवी येते का, हे स्थैर्य. आस दांडीच्या गुरुत्वमध्याच्या वर असेल तर येते, खाली असेल तर कलंडते.

गोलातही तसंच. 'दाब वजन पेलतो' असं मात्र लिहू नका. दाब सगळीकडे सारखा असला तर काहीच पेललं जात नाही. थराच्या आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक त्याचं वजन पेलतो. म्हणून 'दाबाचा उतार' म्हणा. हा झाला समतोल. स्थैर्याची अट वेगळी : गोल दाबला की दाब घनतेच्या ४/३ घातापेक्षा जलद वाढायला हवा. तारा जन्मताना गाभ्याचं तापमान २००० केल्विनच्या आसपास गेलं की हायड्रोजनचे रेणू फुटू लागतात. दाबण्याची ऊर्जा त्यातच खर्च होते, घातांक १.१ च्या जवळ उतरतो आणि तोलात असलेला गाभा कोसळतो.

उत्तर : 'वास्तव वायू'बद्दल. बंडीत कापूस तुडवताना आधी पाय गुडघाभर रुततो, मग कितीही जोर केला तरी वरच राहतो. आदर्श नसलेल्या वायूंसाठीच्या व्हॅन डर वाल्सच्या १८७३ च्या समीकरणातला 'बी' हाच, रेणूंनी अडवलेली जागा. 'ए' म्हणजे त्यांची आपसातली ओढ. 'वास्तव वायू' म्हटलं की मुलांना हेच रेणू आठवतात. गुरू ग्रहाच्या पोटात खोलवर हायड्रोजन धातूसारखा होतो, तिथे रेणूच उरत नाहीत. म्हणून माझं मत 'अनादर्श'ला.

पण दाट ते अनादर्श, असं समजू नका ताई-भाऊंनो. सूर्याच्या केंद्रात पाण्याच्या सुमारे १५० पट घनता आहे, तरी आदर्श वायूचा नियम (दाब हा घनता आणि तापमान यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात) जवळजवळ लागू पडतो. दीड कोटी केल्विनला इलेक्ट्रॉन सुटलेले असतात, अणूंनी अडवलेली जागाच राहत नाही.

उत्तर : उदाहरण द्यायचं तर दाब घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात धरा, गुरूला ते बऱ्यापैकी जुळतं. मग त्रिज्या वस्तुमानावर अवलंबून राहत नाही : माल टाकत जा, गोल तेवढाच, फक्त घट्ट होतो. केंद्राची घनता सरासरीच्या ३.२९ पट येते. अशा गोलाच्या समतोलाचं समीकरण म्हणजे लेन-एम्डेन समीकरण; संगणकावर ते सोडवताना 'क्साय' (केंद्रापासूनचं अंतर, एककाविना) शून्यापासून धरू नका, त्याने भागावं लागतं आणि गणित तिथेच अडकतं. ०.००१ पासून धरा आणि तिथे 'थीटा'ला (इथे केंद्राच्या तुलनेतली घनता) १ वजा क्सायचा वर्ग भागिले ६ ही किंमत द्या. उत्तर बरोबर असेल तर थीटा ३.१४१६ ला शून्य होईल. तीच गोलाची कड.