पंधरावा नंबर आला, तरी युनायटेडसोबतच राहायचं का?

डेक्कनचा लाल

२०२५ च्या २१ मेच्या रात्री साडेबाराला बिल्बाओची युरोपा लीग (युरोपातल्या क्लबांची फुटबॉल स्पर्धा) फायनल लावली तेव्हा माझ्या घरी आम्ही सात जण होतो. शिट्टी वाजली तेव्हा तिघे उरलो होतो. टॉटनहॅम १, मँचेस्टर युनायटेड ०. गर्दीत धडपडत आत गेलेला ब्रेनन जॉन्सनचा एक गोल, आणि उरलेला सगळा वेळ आपण नुसते बॉल फिरवत बसलो. चार दिवसांनी इंग्लंडची प्रीमियर लीगही संपली. ३८ सामने, १८ पराभव, ४२ गुण, १५ वा नंबर. १९७४ मध्ये युनायटेड खालच्या डिव्हिजनमध्ये गेली, त्यानंतर इतकं वाईट कधीच झालं नव्हतं.

त्या रात्री निघून गेलेल्या चौघांपैकी एकाने परवा दुसऱ्या क्लबची जर्सी घेतली. "आयुष्य एवढं मोठं नाही," म्हणाला. मला ते फार लागलं, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं. मी आठवीत असताना, २००३ मध्ये युनायटेड बघायला लागलो. जिंकणारी टीम म्हणूनच बघायला लागलो, हे मान्य आहे. पुढची दहा वर्षं, म्हणजे २०१३ मध्ये मॅनेजर फर्ग्युसन निवृत्त होईपर्यंत, मी काहीही न देता नुसता आनंद घेतला. ती उधारी होती. आता फेडायची वेळ आली तर दुकान बदलायचं?

आणि याच सीझनमध्ये युरोपा लीगमधली, फ्रान्सच्या ल्योंशी मॅचही झाली होती, हे विसरू नका. १७ एप्रिल, आपल्याकडे उत्तररात्र. २-० वरून २-२, मग एक्स्ट्रा टाइममध्ये २-४. ल्यों दहा जणांवर खेळत होतं, तरी आपण बाहेर पडल्यात जमा होतो. ११४ व्या मिनिटाला आपल्या ब्रुनोची पेनल्टी, १२० व्या मिनिटाला कोबी मेनूचा गोल, आणि लगेच मॅग्वायरचं हेडर. ५-४! शेजारच्या काकू दार वाजवायला आल्या. २-४ झाल्यावर मी टीव्ही बंद केला असता तर ती सात मिनिटं मला कुणी परत दिली असती? राहिलो म्हणून मिळाली.

तर सांगा, वाईट सीझनमध्ये सोडून जाणाऱ्याला फॅन म्हणायचं का?

ठाणेकर_७

तुझ्यासारखाच मीही २००० च्या दशकातला. तरी तुझ्या उलट बोलणार आहे.

तू उधारी म्हणतोस, पण सावकार कोण ते बघ. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने क्लब घेतला तो मोठं कर्ज काढून, आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर ठेवलं. वीस वर्षं क्लब त्याचं व्याज भरतोय. २०२४-२५ च्या सीझनमध्ये कर्मचाऱ्यांना काढलं: आधी सुमारे २५० जण, मग फेब्रुवारीत आणखी दीडशे ते दोनशे नोकऱ्या जाणार असं जाहीर झालं. जे राहिले त्यांचं फुकटचं जेवण बंद. सीझनच्या मध्यात उरलेल्या घरच्या सामन्यांची तिकिटं ६६ पौंडांवर नेली, लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांनाही तोच दर. खेळाडूंवर कोट्यवधी उडवायचे आणि कँटीनच्या ताटावर वाचवायचे, हा कारभार.

हे सगळं करायची हिंमत कुठून येते? तुझ्यामाझ्यातून. ही माणसं कुठे जात नाहीत, याची त्यांना खात्री आहे. पंधरावे आलो तरी पुण्यात रात्री साडेबाराला सात जण टीव्ही लावून बसतात, हेच त्यांच्या धंद्याचं भांडवल. मी फेब्रुवारीपासून बघणं बंद केलं. दुसरा क्लब धरलेला नाही, धरणारही नाही. पण माझं प्रेम वापरून कुणी माणसांच्या ताटातलं काढून घेत असेल, तर मी ते प्रेम त्याच्या हातात देणार नाही.

डेक्कनचा लाल

मालक आणि क्लब एक नाही. मालक येतील-जातील. मेनू स्टॉकपोर्टचा पोरगा, लहानपणापासून युनायटेडच्या अकादमीत वाढलेला. मी त्याच्यासाठी बघतो.

ठाणेकर_७

त्याची जर्सी घेतलीस तर पैसे कुणाला जातात?

साल्फर्डवासी

मी अकरा वर्षं इथे मँचेस्टरशेजारी साल्फर्डला आहे, युनायटेडच्या स्टेडियमपासून ट्रॅमने वीस मिनिटांवर. तुम्ही दोघं जे भांडताय ते भांडण इथे २००५ पासून घराघरात चाललंय.

ग्लेझरांनी क्लब घेतला त्याच वर्षी काही कट्टर लोकांनी ओल्ड ट्रॅफर्डकडे, म्हणजे त्या स्टेडियमकडे पाठ फिरवली आणि स्वतःचा क्लब काढला, एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर. एक सभासद, एक मत. अगदी खालच्या डिव्हिजनपासून सुरुवात. २०१५ मध्ये मँचेस्टरमधल्याच मॉस्टनला त्यांचं स्वतःचं मैदान झालं, ब्रॉडहर्स्ट पार्क. मी तिथे काही सामने पाहिलेत. गाणी तीच जुनी, रंग तेच. ही माणसं सोडून गेली, पण त्यांना बेइमान म्हणायची माझी जीभ रेटत नाही.

दुसरीकडे जे राहिले तेही गप्प बसलेले नाहीत. २०१० मध्ये हिरवे-पिवळे मफलर आले. ते न्यूटन हीथचे रंग, युनायटेडचं मूळ नाव ते. २०२५ मध्ये ९ मार्चला आर्सेनलच्या मॅचआधी हजारो लोक काळे कपडे घालून मोर्च्याने ओल्ड ट्रॅफर्डवर गेले. मोर्चा संपला आणि त्यातले बहुतेक आत जाऊन टीमसाठी ओरडले.

आणि लाल, तू १९७४ चा उल्लेख केलास म्हणून सांगतो. त्या एप्रिलमध्ये मँचेस्टर सिटीकडून खेळणाऱ्या डेनिस लॉने टाचेने गोल मारला. हा आपलाच जुना राजा, गोल मारून आनंदसुद्धा केला नाही त्याने. (त्या गोलामुळे युनायटेड बुडाली असं लोक अजून सांगतात. ते खरं नाही, बाकीचे निकाल असे लागले की ती बुडणारच होती.) पुढचा सीझन सेकंड डिव्हिजनमध्ये. त्या वर्षी ओल्ड ट्रॅफर्डवर सरासरी ४८ हजार माणूस यायचा. पहिल्या डिव्हिजनमधल्या कुठल्याही क्लबकडे एवढी गर्दी नव्हती. इथले सत्तरीचे म्हातारे फर्ग्युसनच्या ट्रॉफ्यांपेक्षा त्या वर्षाबद्दल जास्त बोलतात. मी ऐकलंय, बसस्टॉपवर, दवाखान्याच्या रांगेत.

म्हणून ठाणेकरांचा राग मला कळतो, पण घरी टीव्ही बंद करून बसणं मला अपुरं वाटतं. तुमचा बंद टीव्ही कुणाला दिसतो?

स्पर्स_दादर

तुम्हाला हरवणारे आम्ही, टॉटनहॅमवाले. आम्ही लीगमध्ये कितवे आलो माहितीये ना? सतरावे. ३८ गुण, २२ पराभव, तुमच्याहून वाईट. आणि २००८ नंतरचा पहिला कप आमच्या हातात. सतरा वर्षं मित्रांचं ऐकून घेतलं होतं. त्या रात्री वडिलांना उठवून सांगितलं, त्यांना फुटबॉलमधलं काही कळत नाही, तरी ते माझ्याबरोबर बसले. मग तो मॅनेजर, पोस्टेकोग्लू, त्याला सोळा दिवसांत काढलं. आता मी क्लबचा की त्या माणसाचा, हे मलाच कळत नाहीये. वाईट सीझन कशाला म्हणायचं हे टेबल बघून ठरवू नका, एवढंच.

नारिंगी बालेवाडी

मूळ धागाकर्त्याला एक प्रश्न. तुम्ही डेक्कनला राहता. एफसी पुणे सिटी २०१४ ते २०१९ बालेवाडीला खेळत होती. तुम्ही किती वेळा आलात?

मी पाच सीझन गेलो. २०१७-१८ मध्ये मार्सेलिन्हो आणि अल्फारो असे खेळले की आम्ही पहिल्यांदाच इंडियन सुपर लीगच्या सेमीफायनलला पोचलो. पुढचा सीझन वाईट गेला आणि २०१९ मध्ये क्लबच बंद. ती जागा हैदराबादला गेली. त्याआधी पुणे एफसी होती, २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरी आली होती, तीही गेली. दोन क्लब, एक शहर, दोन्ही संपले. माझ्या कपाटात नारिंगी जर्सी आहे आणि ती घालून जायला मैदान नाही.

ओल्ड ट्रॅफर्डला तुम्ही नसलात तर तुमची खुर्ची रिकामी राहत नाही. बालेवाडीला राहत होती, मी डोळ्यांनी पाहिली आहे. म्हणून साता समुद्रापारच्या श्रीमंत क्लबसाठी रात्र जागवण्याला तुम्ही निष्ठा म्हणालात की मला त्रास होतो.

डेक्कनचा लाल

तीनदा आलो. तिन्ही वेळा कुणीतरी पास दिला म्हणून. याला माझ्याकडे उत्तर नाही.

पेठेतला गडी

वाचलं सगळं. तुम्ही पुण्या-ठाण्याचं लोक लई इचार करतासा.

आमच्या कोल्हापुरात क्लब निवडायचा नसतोय. ज्या गल्लीत जन्मला त्या तालमीचा झाला. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी, खंडोबा, प्रॅक्टिस, बालगोपाल. आज्जा ज्याचा, बा त्याचा, पोरगं बी त्याचंच. सीझन गंडला म्हणून दुसऱ्या पेठेचा झेंडा घेऊन शाहू स्टेडियममध्ये कोण आला, तर त्याला घरात भाकरी मिळायची न्हाई. टीम हरली तर आम्ही खेळाडूच्या दारात जाऊन इचारतोय, काय झालं गा तुला? तो बी सांगतोय. सकाळी त्योच दूध घालायला येतोय. टीमला बूट पाहिजेत तर गल्लीत वर्गणी निघती. हे तुमच्या मँचेस्टरला जमतंय काय?

ठाणेकर_७

दादा, मनापासून आवडलं. पण दुसरी बाजूही सांगा. याच प्रेमापायी तिथे समर्थकांची हाणामारी झाली आहे, दगडफेक झाली आहे, सामने थांबवावे लागले आहेत. सोडून जाता येत नाही तिथे प्रेमाचं असंही होतं.

पेठेतला गडी

खरं हाय. नाकारत न्हाई. हुल्लडबाजीनं आमच्या पोरांचा खेळ बंद पडला तेव्हा मलाबी वाईट वाटलं. दगड मारणारा तालमीचा न्हाईच, असं आमचा म्हातारा म्हणायचा. पण चार जणांपायी बाकीच्या हजारांनी घरात बसायचं काय? आम्ही जातोय. जाऊन त्यास्नी खाली बसवतोय. गेला न्हाईस तर बसवणार कोण?

साल्फर्डवासी

मोर्च्यातली माणसं हेच म्हणत होती, फक्त इंग्रजीत.

डेक्कनचा लाल

दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण काय लिहावं कळत नव्हतं.

नारिंगीताई की दादा, माहीत नाही, तुमचं सगळ्यात जास्त टोचलं. गावातल्या क्लबला खुर्ची भरायला माझी गरज होती आणि मी पास मिळाला तर गेलो. आता एवढंच करू शकतो की पुण्यात जिल्हा लीगचे सामने होतात, तिथे जाईन. कुठल्या टीमसाठी, हे अजून ठरलेलं नाही. तुम्ही जात असाल तर सांगा, बरोबर जाऊ.

ठाणेकर, जर्सीचं तुझं बरोबर आहे. या वर्षी घेणार नाही. पण बघणं मी सोडू शकत नाही, आणि ते चूक आहे असंही मला वाटत नाही. वेळापत्रक आलंय. १७ ऑगस्ट, ओल्ड ट्रॅफर्ड, आर्सेनल. आपल्याकडे रविवारी रात्री नऊ. फायनलच्या रात्री निघून गेलेल्यांपैकी तिघांना सांगून ठेवलंय. चौथ्यालाही, नवी जर्सी घालून आला तरी चालेल.

ठाणेकर_७

मी नाही बघणार. पण मेनू खेळला का, ते रात्री कळव.