काळ्या मातीच्या अंगणात काँक्रीटचा कोबा स्वतः घालायचा आहे, मार्गदर्शन हवे

प्रश्न (जुळे सोलापूरचा रहिवासी)

नमस्कार. आमच्या घराच्या मागच्या अंगणात १० फूट बाय ८ फूट जागेवर ४ इंच जाडीचा काँक्रीटचा कोबा घालण्याचा विचार आहे. तेथे धुणे धुण्याची जागा आणि एक दुचाकी उभी करण्याची सोय हवी आहे. यापूर्वी त्याच जागी शहाबादी फरशी बसवली होती. खाली काळी माती असल्यामुळे दोन पावसाळ्यांत काही फरश्या वर आल्या, काही खचल्या आणि उन्हाळ्यात सांध्यांतून बोट जाईल एवढ्या भेगा दिसू लागल्या. काम लहान म्हणून मिस्त्री यायला तयार होत नाहीत, तेव्हा मी, धाकटा भाऊ आणि मुलगा असे तिघे मिळून ते करावे असे ठरवले आहे.

सिमेंट किती लागेल, सळई घालणे आवश्यक आहे का, आणि दुपारी पारा ४१-४२ अंशांवर असताना व नळाला चार दिवसांआड पाणी येत असताना हे काम आता करावे की पावसाळ्यानंतर, याविषयी जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (निवृत्त ओव्हरसियर, होटगी रोड)

आधी एक गोष्ट तपासून घ्या. त्या जागेखाली सेप्टिक टाकी किंवा पाण्याचा हौद असेल, तर हे काम स्वतः मुळीच करू नका. जमिनीवर सर्व बाजूंनी टेकलेला कोबा आणि पोकळीवर अधांतरी राहणारा स्लॅब या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्यातील सळई हिशेब करूनच घालावी लागते आणि तेथे चूक झाली तर जिवावर बेतते.

खाली नुसती जमीन असेल, तर तुमच्या फरशीचे जे झाले त्याचे कारण वरच्या थरात नसून मातीत आहे. आपल्याकडची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आक्रसते, आणि ही उलथापालथ दरवर्षी होते. तिच्यावर थेट काँक्रीट ओतले, तर ते कितीही पक्के असले तरी तडकणारच. म्हणून सवा ते दीड फूट खोल माती काढून टाका आणि तेथे किमान एक फूट मुरूम भरा. संपूर्ण मुरूम एकदम टाकून वरून धुमस मारल्यास फक्त वरचे दोन-तीन इंच दाबले जातात, खाली पोकळ राहते. चार ते सहा इंचांचा एकेक थर पसरा, पाणी शिंपडा, धुमसाने ठोका आणि टाच दाबून उभे राहिल्यावर ठसा उमटेनासा झाला की पुढचा थर घ्या. या कामाला एक अख्खा दिवस जाईल. तो जाऊ द्या.

कोब्याला घराच्या भिंतीपासून बाहेरच्या बाजूला दर फुटाला पाव इंच उतार द्या. गच्चीच्या पाण्याचा पाइप कोब्याच्या कडेला पडत असेल, तर त्याचे तोंड दूर वळवा, नाहीतर ते पाणी कडेने खाली शिरेल. भिंत आणि कोबा यांच्यामध्ये अर्ध्या इंचाची थर्माकोलची पट्टी उभी लावा. घर खोल पायावर उभे आहे, कोबा मुरमावर; दोघांची हालचाल सारखी नसते, म्हणून त्यांना एकमेकांत जखडून ठेवू नये.

उत्तर (बांधकाम साहित्याचे दुकान चालवणारा)

ओव्हरसियरसाहेबांनी पायाचे नेमके सांगितले आहे, मी मालाचे सांगतो. दुचाकी उभी राहणार असल्यामुळे सिमेंट, वाळू, खडी यांचे १:१.५:३ हे प्रमाण घ्या. तुमच्या मापाला सुमारे २७ घनफूट काँक्रीट लागेल; त्यासाठी ६ पोती सिमेंट पुरते, तरीही हाताने माल कालवताना दहा टक्के सिमेंट जास्त धरण्याची रीत आहे, म्हणून ७ आणा. वीस मिलिमीटरची खडी पाव ब्रास (२५ घनफूट) आणि वाळू किंवा क्रश सँड १२-१३ घनफूट पुरेल.

घमेल्याने अंदाजे मोजू नका, कारण प्रत्येक जण ते वेगळे भरतो. ४० बाय ३५ बाय २५ सेंटिमीटरचा फळ्यांचा फरमा करा. त्यात बरोबर ३५ लिटर, म्हणजे एका पोत्याएवढा माल मावतो. एका पोत्याला दीड फरमा वाळू, तीन फरमे खडी. वाळू आणि सिमेंट कोरडेच एका रंगाचे होईपर्यंत खालीवर करा, मग खडी मिसळा आणि शेवटी पाणी घाला. पोत्यामागे २५ लिटरपासून सुरुवात करा आणि ३० लिटरच्या पुढे कोणत्याही परिस्थितीत जाऊ नका. माल जड वाटतो म्हणून आणखी अर्धी बादली ओतण्याचा मोह होतो. ते जादा पाणी उडून गेल्यावर मागे छिद्रे उरतात आणि कोबा कमजोर होतो.

संपूर्ण काँक्रीटचे वजन सुमारे १८०० किलो भरेल. तिघांनी ते एका दमात करण्यापेक्षा मधोमध पट्टी लावून ५ बाय ८ चे दोन भाग दोन वेगवेगळ्या दिवशी घाला. त्यामुळे दमछाक टळते आणि मध्ये आपोआप सांधाही मिळतो. या कोब्याला सळईवाचून चालेल. घालायचीच असेल, तर ८ मिलिमीटरची जाळी जाडीच्या मध्यापेक्षा किंचित वर राहील अशी कव्हर ब्लॉकवर (सळई उचलून धरणाऱ्या सिमेंटच्या लहान ठोकळ्यांवर) ठेवा. मुरमावर आडवी पडलेली जाळी म्हणजे पैसे मातीत. हातांत रबरी मोजे आणि पायांत गमबूट अवश्य घाला, कारण ओल्या सिमेंटने कातडी भाजते आणि ते लगेच जाणवत नाही.

उत्तर (अक्कलकोट रोड)

मी हीच चूक केलेली आहे, म्हणून कळकळीने लिहितो. मी मे महिन्यात सकाळी दहाला काम सुरू केले. दुपारपर्यंत वरचा भाग कोरडा पडला, गरम वाऱ्याने कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा उमटल्या, आणि त्या झाकण्यासाठी मी कोरडे सिमेंट भुरभुरून वरून पाणी मारत घोटाई केली. सहा महिन्यांत तो वरचा थर पापडासारखा सुटला. काँक्रीटवर आपोआप येणारे पाणी ओसरेपर्यंत थांबून मगच रंधा फिरवायला हवा होता, हे मला नंतर कळले.

तुम्ही संध्याकाळी पाचनंतर ओता, म्हणजे पहिले दहा-बारा तास रात्रीचे मिळतील. खडीचा ढीग दिवसभर सावलीत ठेवा, मुरूम आधी ओला करा, पण पाणी साचू देऊ नका. ओतण्याचा दिवस नळाला पाणी येण्याच्या दिवसाशी जुळवा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. खाली टाकी नाही, खात्री करून घेतली. पोते पीपीसीचे (राख मिसळलेल्या सिमेंटचे) मिळत आहे. पाणी किती दिवस मारावे? एवढे पाणी रोज कोठून आणावे, हीच खरी अडचण आहे.

उत्तर (निवृत्त ओव्हरसियर, होटगी रोड)

पीपीसी असेल आणि ऊन असे असेल, तर किमान १० दिवस, जमल्यास १४. आळी करून पाणी साठवणे तुम्हाला परवडणार नाही; इंचभर पाण्याला १९० लिटर लागतील आणि ते रोज उडत राहील. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळी गोणपाट किंवा जुन्या सुती चादरी भिजवून अंथरा, त्यांवर प्लास्टिकचा कागद घाला आणि कडांवर विटा ठेवा. सकाळ-संध्याकाळ कागद उचलून पाहा आणि जेथे कापड सुकले असेल तेथेच पाणी टाका. दुचाकी सात दिवसांपूर्वी चढवू नका.

प्रश्नकर्ता

काल संध्याकाळी पहिला अर्धा भाग पूर्ण झाला. तीन पोती लागली, आणि शेवटच्या पोत्याला २६ लिटर पाणी पुरले. आज सकाळी कडेला खिळ्याने ओरखडून पाहिले, तर फिकट रेघ उमटली पण कण सुटले नाहीत. आईने कपाटातल्या दोन जुन्या चादरी दिल्या; त्या भिजवून अंथरल्या आहेत. दुसरा भाग नळाला पाणी येईल त्या दिवशी, म्हणजे चार दिवसांनी घालणार आहोत.