मदत हवी आहे: वारा असूनही पवनचक्कीचा पंखा थांबतो, रात्री इन्व्हर्टर बंद

माळावरचा: कुणीतरी पटकन सांगा, वैताग आलाय. पाटणच्या वर पठारावर घर, लाईन आलेली नाही म्हणून सोलर अधिक पंखा असं हायब्रीड बसवलंय. आषाढाचा एवढा वारा सुटलाय तरी पंखा मधेच थांबतो, कंट्रोलर (बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा डबा) बॅटरी फुल दाखवतो आणि रात्री मिक्सर लावला की इन्व्हर्टर बोंबलून बंद. बसवणारा फोन उचलत नाही.

करंट_लागला: किती किलोवॅटचं? बॅटरी कसली? काहीच लिहिलं नाहीस, आम्ही काय अंगात आणायचं?

माळावरचा: सोलर २, पंखा १. बॅटऱ्या नेहमीच्याच.

करंट_लागला: नेहमीच्या म्हंजे??

माळावरचा: ट्यूब्युलर, म्हणजे शिसं-ॲसिडच्या, १२ व्होल्टच्या ४, सिरीजमध्ये. जुन्या आहेत.

पुणेरी_प्लग: पंखा विकून पॅनल वाढवा. १ किलोवॅट मिळायला सेकंदाला ११-१२ मीटर वारा लागतो, वारा निम्म्यावर आला की ताकद आठव्या हिश्श्यावर.

घाटमाथा: अहो पावसाळ्यात तिथं ऊन दिसत नाही आणि वारा माणूस उडवतो, चाळकेवाडीला पवनचक्क्या काय शोभेला उभ्या केल्यात? पुण्यात बसून सांगणं सोपंय.

सुमनताई: पीएम सूर्यघरमध्ये ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी मिळते, अर्ज करा.

करंट_लागला: ताई, ती ग्रिडला जोडणाऱ्यांना. यांच्याकडे लाईनच नाही!

बॅटरीकाका: पंख्याला नावं ठेवू नका रे. बॅटरी सल्फेट झाली, म्हणजे आतल्या प्लेटांवर थर बसला, की चार्जिंगला व्होल्टेज भसकन चढतं, कंट्रोलरला वाटतं भरली, तो पंख्याला ब्रेक लावतो. आत माल नसतो, म्हणून लोड आला की बसते. हायड्रोमीटरने एकेका सेलची ग्रॅव्हिटी (ॲसिडचा दाटपणा, आकडा कमी तेवढा सेल रिकामा) बघून टाक, फुल दाखवत असतानाच बघ.

माळावरचा: ट्रॅक्टरवाल्याकडून आणला. तीन बॅटऱ्या १२१०-१२२०, चौथीत एक सेल ११२०, बाकीचे ११५० च्या आसपास.

बॅटरीकाका: मग चौथी गेली.

पुणेरी_प्लग: एकच बदलू नका, जुन्यांबरोबर नवी पण मरते, चारही बदला. लिथियमच घ्या.

बॅटरीकाका: लिथियमला कंट्रोलरचं सेटिंग बदलावं लागेल, ते कोण करणार, तुम्ही येणार पठारावर? आधी तिघींना इक्वलाइझ चार्ज (सगळे सेल सारखे भरावेत म्हणून मुद्दाम जास्तीचा चार्ज) देऊन बघू दे, खिडक्या उघड्या ठेवून, हायड्रोजन निघतो.

सुमनताई: पंख्याने पक्षी मरतात का हो?

माळावरचा: ते नंतर. चौथी काढल्यावर बॅटरी नसताना पंखा फिरला तर चालेल ना?

करंट_लागला: अजिबात नाही! लोड नसला की पंखा सुसाट पळतो, पाती उडतील. आधी ब्रेक स्विच टाक, मग वायर सोड.

माळावरचा: स्विच कुठाय?